पानिपतला पाठवलेली लोकर

जुन्या लोकरीच्या ढिगाशी चार बायका बसल्या की कपडे कमी होतात आणि किस्से वाढतात. एका हिवाळ्यात माझ्याकडे इतके साठले, की थोडे तरी निवडून देऊन टाकायला हवेत!

नोएडातली आमची बिल्डिंग नवी, माझं लग्न त्याहून नवं. समोर पुढचा टॉवर चढत होता आणि तो बांधणारी चाळीस कुटुंबं त्याच्याच पायथ्याशी पत्र्याच्या झोपड्यांत. पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंनी पानिपतच्या एका सेठजींशी ठरवलं होतं: आम्ही घरोघरची जुनी लोकर गोळा करायची, बटणं-चेन कापून रंगवार लावून द्यायची. त्यांच्या कारखान्यात तिचा पुन्हा धागा काढून ब्लँकेटं विणत. त्यातली चाळीस आम्हाला. धुकं पडायच्या आत झोपडीमागे एक!

मी फारशी बोलत नाही. काकूंनी त्यावर एवढंच केलं, माझ्या हातात कात्री दिली. "बोलू नकोस. काप." या शहरात मला पहिल्यांदाच कुणी हक्कानं काम सांगितलं होतं. इतकं बरं वाटलं!

*

माल बघायला सेठजी आले, तेव्हा नुसत्या निळ्याचे आमचे अकरा ढीग होते.

"भाभीजी, ये सब अलग क्यों?"

काकू शिकवायलाच बसल्या. "हा मोरपंखी. हा अस्मानी. ये वाला चिंतामणी…"

सेठजींनी शांतपणे पायानं अकराचा एक ढीग केला. "भाभीजी, ये नीला है."

सेठजी गेल्यावर काकू पुन्हा निळे वेगळे करायला बसल्या. शेवटी आमच्यातल्याच, पुण्याच्या सलमाताई म्हणाल्या, "जाऊ द्या हो काकू. लग्नाचा बस्ता नाहीये हा!"

*

तिसऱ्या मजल्यावरच्या मिसेस खन्नांनी बहिणीनं विणलेला स्वेटर दिला आणि दर शनिवारी त्याला भेटायला येऊ लागल्या. "बस, देखने आई थी." चौथ्या शनिवारी तो उचलून छातीशी धरला आणि बदल्यात नवऱ्याचा कोट ठेवून गेल्या.

"अहो, पण त्यांना लागेल ना!" सलमाताई मराठीतच ओरडल्या.

जिन्यातून उत्तर आलं, "उनको ठंड कम लगती है!"

*

बाजार नुकता खुला झालेला. चकचकीत स्वेटरांची चैन होती, पण लोकर किती खरी, देव जाणे. सलमाताईंची परीक्षा सोपी: एक धागा काडीवर जाळायचा. केस जळल्याचा वास आला तर लोकर, वितळून थेंब पडला तर प्लास्टिक.

घरी येऊन मी हनिमूनला सिमल्यात घेतलेल्या "शंभर टक्के पश्मिना" शालीचा एक धागा जाळला. नवरा समोरच पेपर वाचत होता. भाव आपण कसा पाडला, हे तो अजून सगळ्यांना सांगतो.

थेंब पडला.

नवं लग्न. मी खिडकी उघडली आणि चहा टाकला.

*

टेम्पो भरून गेला, त्या दिवशी कुलकर्णी काका गॅलरीतून म्हणाले, "पानिपतला पाठवताय? आपल्या लोकांचं तिथून आजवर काय परत आलंय?"

आम्ही हसलो. मग धुकं पडलं, झोपड्यांतली पोरं रात्रंदिवस खोकायला लागली आणि हसू थांबलं. ब्लँकेटांचा पत्ता नव्हता. काकूंचा घसा बसलेला, सलमाताई पुण्याला गेलेल्या. एसटीडी बूथवर मीच उभी राहिले, आणि जन्मात ओरडले नव्हते तेवढी ओरडले. "सेठजी! यहाँ बच्चे हैं! कंबल कब?"

बूथवाल्यानं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

तिसऱ्या सकाळी धुक्यातून टेम्पोचे दिवे आले. काकूंनी बसलेल्या घशानं वर हाक मारली, "अहो, खाली या. उतरवून घ्या. पानिपताहून आलंय!"

मोजून चाळीस. संध्याकाळपर्यंत झोपडीमागे एक पोहोचलं.

*

पुढच्या शनिवारी आम्ही पुढच्या खेपेचा ढीग लावत होतो, तेव्हा समोरच्या झोपडीतली रामकली आमच्याकडे आली. मला वाटलं, हिच्या ब्लँकेटला भोक निघालं.

तिनं पदराखालून एक घडी काढली. तिची जुनी लोकरी चादर, विरलेली, पण धुऊन वाळवलेली.

काकू म्हणाल्या, "अरे, ये भी रख लो. दो हो जाएँगे."

"नया मिल गया न, अम्माजी," रामकलीनं चादर ढिगावर ठेवली. "ये जमा कर लो. अगला टावर जहाँ बनेगा, वहाँ भी तो कोई होगा."