डाव्या हाताचा घाव

कान्हू आमच्या गुंद गावचा, डावखुरा. झाड तोडताना तो मुळाशी कधी कोयता घालत नसे. गुडघाभर बुंधा ठेवून वरचा काप तिरका घ्यायचा, म्हणजे पाणी साचत नाही, बुंधा कुजत नाही आणि पुढे धुमारे येतात. डाव्या हातामुळे तो उतार उलट्या बाजूला पडतो. कान्हूचा घाव गावात कुणीही ओळखेल.

त्याच घावाने तो अडकला.

गेल्या डिसेंबरात डोंगरावर नरक्याची सात झाडं तुटली. हे घाणेरड्या वासाचं लाकूड आम्ही चुलीतही घालत नाही. पण त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं अल्कलॉइड असतं, त्यापासून कॅन्सरची औषधं करतात. म्हणून त्याची चोरटी तोड होते. फॉरेस्टवाल्यांनी बुंधे पाहिले आणि ते थेट कान्हूच्या दारात आले.

मी माझी रोजची डायरी उघडली. ९ डिसेंबर, सोमवार : 'कान्हू आठपासून दिवेलागणीपर्यंत आपल्या गोठ्याची कौलं बदलत होता. दोनदा चहा.' झाडं त्याच दिवशी तुटली होती. वही घेऊन मी त्याच्याकडे गेले.

"ही रेंजरला दाखवते. सुटशील."

मागच्या अंगणात त्याची मुलगी गिरजा जळण फोडत होती. डाव्या हाताने.

"वही परत न्या, बाई," कान्हू म्हणाला.

"अरे, तू तोडली नाहीस."

"मग कुणी तोडली, असं इचारतील."

कुऱ्हाडीचा आवाज थांबला.

"तिला ठाव नव्हतं वो. खोकल्याच्या औषधाला पायजे म्हणून कोण तरी सांगून गेला. कापायचं कसं ते मीच शिकवलेलं." तो हसला. "येडीनं एक तरी वाकडंतिकडं तोडायचं."

"आणि मी लिहिलंय ते?"

"तुमी खोटं लिवू नका. नुसतं दावू नका. फुडच्या म्हयन्यात लगीन हाय तिचं."

रेंजरने मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कान्हूने कबुली दिली. जामीन मिळाला, पण दर सोमवारी तालुक्याला, जोयड्याला हजेरी आणि रानात जायची मनाई. जन्मभर डोंगरात राबलेला माणूस आता डोंगराकडे पाठ करून ओट्यावर बसतो. गिरजाने सोयरीक मोडली. बापाला असं टाकून जाणार नाही म्हणाली. ज्यासाठी त्याने गुन्हा अंगावर घेतला, तेच गेलं.

परवा भाजी द्यायला गेले, तेव्हा गिरजा रानातून आली होती.

"बुंधं फुटलं काय ग?" कान्हूने विचारलं.

"पाच फुटलं."

"आन् दोन?"

ती पाणी आणायला आत गेली.