केबलचा चर

माझ्या सायबर कॅफेत इंटरनेटच्या जनकाचं नाव घ्यायची सोय नव्हती. कोणी घेतलंच, तर कोपऱ्यात बसलेले लिमयेकाका पेपर खाली ठेवून विचारत, "त्याने खणलंन का काही?"

काका माझे शेजारी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. गिऱ्हाईक म्हणून त्यांचा उपयोग शून्य; साधा मेल उघडायलाही ते शिकले नाहीत. दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. रत्नागिरीत इंटरनेट नवं होतं आणि ते कोणी शोधलं यावर कॉलेजची मुलं हिरिरीने भांडत. कोणी म्हणे अमेरिकेच्या लष्कराने, कोणी म्हणे विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी, कोणी सगळं श्रेय वेबसाइटवाल्यांना देऊन मोकळं होई. काका सगळ्यांना एका फटक्यात निकालात काढत आणि मला म्हणत, "अगो, असतील ते हुशार. पण त्यांची हुशारी लांज्याकडून इथवर आली कशातून? मी टाकलेल्या केबलमधून!"

यात गंमत होती, तशी एक जुनी खंतही होती. केबलचं काम पुरं झालं तेव्हा हार पडला मुंबईहून आलेल्या साहेबांच्या गळ्यात, आणि काका मांडवामागे जनरेटर सांभाळत उभे. एकदा तरी चारचौघांत कोणी म्हणावं की हे काम या माणसाचं, एवढंच त्यांना हवं होतं.

तो दिवस आला. कॉलेजने 'इंटरनेटचं श्रेय कोणाचं?' असा वादविवाद ठेवला आणि शेवटी केबल टाकणारे म्हणून काकांचा सत्कार. काका इस्त्रीचा सदरा घालून मंडप पुरता झाडून व्हायच्या आत हजर! वादात सगळ्यात शेवटी बोलली ती जाधव नावाची मुलगी. म्हणाली, "परदेशातले वाद परदेशात मिटोत. आपल्या केबलचा चर माझ्या आजोबांनी खणला. जांभ्या दगडात, पहारीने. ते इथेच बसलेत." मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ टोपी सावरत अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी माणूस ओळखला होता. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. काकांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि घोकलेलं भाषण केलं. त्यात 'मी' पुष्कळदा आला, आणि 'माझ्या हाताखालचे गडी' एकदा.

दुसऱ्या दिवशी कॅफेत त्यांनी पेपर उघडलाही नाही. मला म्हणाले, "तो गंगाराम जाधव गो. त्या चरात अंगठ्याचं नख गेलं होतं त्याचं. नाव घ्यायला काय लागलं असतं मला? साहेबाने माझं घेतलंन नाही, आणि मीही तेच केलं." संध्याकाळी शाल घेऊन ते गंगारामांच्या घरी गेले. गंगारामांनी चहा पाजला आणि शाल परत दिली. "सायब, पांघराया शाल हाय माज्याकडं. सभेत नाव घेतला असतात तर बरा झाला असता."

सभा तर होऊन गेली होती, आणि काकांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. मग त्यांनी माझ्या कॅफेचीच सभा केली. निकाल बघायला आलेली पोरं असोत की दुबईच्या मुलाला मेल पाठवायला आलेला पावस गावचा बागायतदार, काका प्रत्येकाला सांगत, "इंटरनेट कोणी शोधलं ते मला ठाऊक नाही. इथवर आलं ते गंगाराम जाधवांनी चर खणला म्हणून." गिऱ्हाईक गोंधळून माझ्याकडे बघे. सुरुवातीला मला हसू येई. पुढे काकांबद्दल फार आदर वाटू लागला. झालेली चूक इतक्या चिकाटीने निस्तरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काही वर्षांनी काका झोपेतच गेले. दिवसकार्य आटोपल्यावर गंगाराम पहिल्यांदाच कॅफेत आले आणि दारात उभे राहिले.

"सायब रोज माजा नाव घेयाचे म्हनं हितं?"

"रोज."

त्यांनी टोपीने डोळे पुसले. "आता कोन घेनार?"

मी हात धरून त्यांना आत आणलं आणि संगणकांपुढे बसलेल्या मुलींना हाक मारली, "अगं पोरींनो, जरा इकडे बघा. हे गंगाराम जाधव."