निवळीच्या खेपा

आत्याला सगळे आत्याच म्हणत. खरं नातं पाहिलं तर ती फक्त पुतण्याची आत्या. पण डेअरीतली माणसं, दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर, गुरांचे डॉक्टर, सगळ्यांनी तो हक्क परस्पर घेऊन टाकला होता. वय एकसष्ट, गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे. धाकट्या भावाने चाळीस गायींच्या जोरावर ही चीजची डेअरी काढली, तेव्हा "महिनाभर हाताखाली ये" म्हणून तिला बोलावून घेतलं होतं. त्या महिन्याला यंदा एकोणीस वर्षं झाली.

चीजचं काम बाहेरच्या माणसाला दुधाचं वाटतं. प्रत्यक्षात ते पाण्याचं काम आहे. दहा लिटर दूध विरजून, घट्ट बसवून कापलं की हाती जेमतेम एक किलो चीज लागतं आणि नऊ लिटर हिरवट, आंबूस पाणी उरतं. तीच निवळी. ती ओढ्यात सोडली तर ओढा नासतो, म्हणून धाकट्याने सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं की इथलं काही बाहेर जाणार नाही. थोडी निवळी वासरांच्या गव्हाणीत जायची. उरलेली शेणात मिसळून गॅसच्या टाकीत. टाकीतला गॅस बॉयलरखाली जळायचा, त्यावर दूध तापायचं. टाकीतून निघणारी पातळ स्लरी चाऱ्याच्या शेताला, चारा गायींना, गायींचं दूध पुन्हा चीजखोलीत.

हे सगळं दाराजवळच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. पाहुण्यांची टोळी आली की धाकटा हातात छडी घेऊन त्यापुढे उभा राहायचा आणि सांगायचा, "आमच्याकडे काहीच वाया जात नाही." चित्रात गाय होती, तांब्याची कढई होती, टाकी होती, शेत होतं आणि मधे गोल फिरणारे जाड हिरवे बाण होते. लोक माना डोलवायचे, फोटो काढायचे. ते बाण म्हणजे काय, हे कुणी कधी विचारलं नाही. बाण म्हणजे आत्या होती, दोन बादल्या घेतलेली.

पहिल्या वर्षी पंप होता. तो जळाला. दुरुस्तीला गेला तो तिकडचाच झाला. आत्याने दोनतीनदा आठवण करून दिली. मग धाकटा कामाच्या धबडग्यात, आणि निवळी तर रोज टाकीत पडतच होती. मग घाई कसली? होतंय म्हटल्यावर कुणी डोकं लावत नाही. आत्यानेही मग विषय सोडला. सांगून सांगून माणूस थकतो, आणि ती तर आधीच थकलेली होती.

तर झालं असं की त्या हंगामात एकदम तीन गायींना दगडी झाली. म्हणजे कास सुजून दगडासारखी होते, दूध फाटकं येतं. डॉक्टरांनी सुया टोचल्या आणि सांगितलं की आठवडाभर यांचं दूध कढईजवळसुद्धा आणायचं नाही, त्यात औषध उतरतं. डेअरीत याबाबत फार कडक शिस्त. गायीच्या पायाला लाल पट्टी बांधायची, तिचं दूध वेगळ्या कॅनमध्ये काढायचं, आणि तो कॅन चाऱ्याच्या शेतापलीकडे, चढावर खणलेल्या खड्ड्यात नेऊन ओतायचा. वर चुना टाकायचा.

पहिल्या दिवशी आत्या कॅन घेऊन चढ चढली. परत येईपर्यंत तिच्या तोंडाला फेस आला. दुसऱ्या दिवशी ती चढाच्या पायथ्याशी थोडी थांबली, वर पाहिलं, आणि मागे फिरून कॅन टाकीत रिकामा केला. तिने काही विचार केला होता असं नाही. कढईला जपायचं हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. टाकीला काय जपायचं? टाकी तर सगळं खाते. शिळं, आंबलेलं, सांडलेलं, सगळं तिने एकोणीस वर्षं त्या तोंडात घातलं होतं आणि टाकीने कधी नाही म्हटलं नव्हतं. तिला बरं वाटलं. फुकट गेलं नाही, चढही वाचला. पुढचे चार दिवस तिने तेच केलं.

आठवडा उलटला आणि बॉयलरखालची निळी ज्योत पिवळी झाली. मग बुटकी झाली. एका सकाळी धाकट्याने काडी ओढली तर नुसता फुसका आवाज आला. दूध आलेलं, कढई थंड. धावपळ करून सिलिंडर मागवले, त्या दिवसाची वेळ निभावली. पण धाकट्याचा चेहरा उतरला. टाकी मेली होती. तिच्यातले शेणातले जंतू, जे गॅस करतात, ते मेले होते.

"नवी पावडर," धाकटा म्हणाला. "सूनबाईने चीजखोली धुवायला आणलेली. ते पाणी टाकीत जातं. दुसरं काय बदललंय आपल्याकडे?"

सूनबाई म्हणजे पुतण्याची बायको. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि चीजखोलीत तिचा हात असा बसला होता की धाकटा स्वतः पाहुण्यांना सांगायचा, ही बोटाने दाबून दूध बसलं का ते ओळखते. चीजचे पहिले बारा गोळे तिने एकटीने केले होते आणि ते आतल्या फळीवर मुरत होते. रोज एकदा उलटायचे, मिठाच्या पाण्याने पुसायचे. तिच्यासाठी ते बारा गोळे म्हणजे जीव की प्राण होते.

"पण मामंजी, पावडर तर पुड्यावर सांगितलीय त्याच्या निम्मीच..." ती म्हणाली.

"निम्मी असो की पाव. तू आता काही दिवस चीजखोलीत येऊ नकोस. आधी टाकी म्हणजे काय ते शीक. आत्याच्या हाताखाली."

आत्या तिथेच होती. तिला तेव्हा खरंच वाटलं, पावडरच असेल.

दोन दिवसांनी डॉक्टर गायी तपासायला आले. हात धुता धुता त्यांनी सहज विचारलं, "औषधाचं दूध खड्ड्यातच टाकलंत ना आत्या? नाहीतर लोक गॅसच्या टाकीत ओततात आणि मग टाकी बसते. जंतू ते जंतू, औषध थोडंच विचारतं कुठले म्हणून."

"खड्ड्यात," आत्या म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं, टाकी आपणच मारली. तिथल्या तिथे जाऊन सांगायचं, इतकं सोपं होतं. ती निघालीसुद्धा. पण गोठ्याच्या दारात सूनबाई उभी होती, पदर खोचून, दोन्ही हातांत बादल्या. "आत्या, तुम्ही नुसतं ढवळा. मी आणते," ती म्हणाली, आणि गेली.

टाकी पुन्हा जिवंत करायची तर शेजारच्या गोठ्यातल्या चालू टाकीची स्लरी आणायची, ताजं शेण कालवायचं, निवळी बेताबेताने द्यायची. पंधरा दिवसांचं मरणाचं काम. ते सगळं सूनबाई करू लागली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आत्याच्या हातात बादल्या नव्हत्या. पहिल्या रात्री तिला गुडघ्यांच्या ठणक्याशिवाय झोप लागली. दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं, आज सांगायचं. मग ठरवलं, उद्या. तिला लाज वाटत होती आणि सुखही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटतात हे तिला या वयात कळत होतं. सांगितलं की पोर आपल्या कढईकडे परत जाणार आणि बादल्या आपल्या हातात येणार, हा हिशेब तिच्या डोक्यातून हलेना. ती मूग गिळून बसली.

सूनबाई तक्रार करत नव्हती. फक्त रोज सकाळी एकच विचारायची, "आत्या, माझे गोळे उलटले का हो आज?"

"उलटले."

"पुसले?"

"पुसले ग."

नवव्या दिवशी ती हे विचारायचं विसरली. आत्या वाट पाहत राहिली. सूनबाई खाली मान घालून शेण कालवत होती, आणि तिच्या त्या बोटांना, दूध बसलं का ते ओळखणाऱ्या बोटांना, चिरा पडल्या होत्या. आत्याने ढवळायची काठी टाकली आणि सरळ बॉयलरच्या खोलीत गेली.

"धाकट्या, पावडरीने नाही झालं ते. औषधाचं दूध मी टाकीत ओतलं. पाच दिवस."

धाकटा वळला. "तुला ठाऊक नव्हतं?"

"ओतताना नव्हतं. डॉक्टरांकडून कळलं."

"त्याला आठवडा झाला, ताई."

"हो. आठवडाभर ती माझ्या बादल्या उचलत होती. मला बरं वाटत होतं."

"खड्डा काय पळून गेला होता?"

"चढावर आहे. मला चढवत नाही आता."

"मग सांगायचं होतंस."

"कुणाला?" आत्याने विचारलं. तिने ते टोमण्याने विचारलं नव्हतं. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

सूनबाईला त्याच वेळी बोलावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, डोक्यावर टोपी चढवली. चीजखोलीच्या दारात मात्र ती थांबली. "आत्या, म्हटलं असतंत तर बादल्या उचलायला मी अशीही आले असते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. मग दार लागलं. आत्याला त्या बोलण्याने जेवढं लागलं तेवढं धाकट्याच्या ओरडण्याने लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या निवळीच्या पिंपाशी आली तर धाकटा आधीच तिथे. पाहुण्यांपुढे घालायचे बूट तसेच पायांत. त्याने दोन बादल्या भरल्या आणि चालू लागला. पहिल्या खेपेला निवळी बुटांत सांडली. दुसरीला तो मधे दोनदा थांबला. तिसरी टाकीत रिकामी करून तो टाकीच्या कठड्यावर बसला आणि कमरेवर हात ठेवून श्वास घेत राहिला.

"रोज किती होतात ग?"

"बावीस."

तो थोडा सरकला आणि शेजारची जागा हाताने झटकली. "ताई, बस जरा."

हे वाक्य ऐकायला तिने इतकी वर्षं काढली होती. तिने कठड्याकडे पाहिलं, किती बुटका आहे तो.

"बसले तर मला पुन्हा उठता येणार नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या पायांशी ठेवलेल्या रिकाम्या बादल्या उचलून चौथ्या खेपेला निघाली.