‘हात सुधारणार नाही’ असा कागद

लॅपटॉपवरचे फोटो जसजसे चांगले निघत होते, तसतसा समोर बसलेल्या गुरुजींचा चेहरा पडत होता. मला काही कळेना. भाजून आखडलेले हात ऑपरेशननंतर उघडलेले दिसले की माणसं खुश होतात, असा माझा तोवरचा अनुभव होता.

दर बुधवारी मी आर्वीला बसायचे. माझा दवाखाना वर्ध्याला, पण जिल्ह्यात प्लास्टिक सर्जनची प्रॅक्टिस एका जागी बसून जमत नाही. एका मित्राच्या हॉस्पिटलमधली खोली, एक टेबल, एक लॅपटॉप, एवढ्यावर माझी बुधवारची ओपीडी चालायची. मोठ्या शहरात शिकले तेव्हा बरोबरचे सगळे नाकं सरळ करायची स्वप्नं पाहत होते. मी याच जिल्ह्यातल्या सेलूची. मला ठाऊक होतं की इकडे आपल्या वाट्याला फाटलेल्या कानाच्या पाळ्या, थ्रेशरमध्ये गेलेली बोटं आणि भाजलेले हात येणार. त्यांच्यासाठीच मी परत आले होते, आणि पहिल्या दोन वर्षांत पेशंट मिळवायची घाईही मला भरपूर होती.

गुरुजी रोहण्याचे, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले. सोबत मुलगी प्रणाली, वय पंचवीस. तीन वर्षांची असताना तिचा उजवा हात चुलीतल्या निखाऱ्यांवर पडला होता. जखम भरली, पण भरताना कातडी आखडत गेली आणि चारही बोटं तळहाताकडे ओढली गेली. याला आम्ही कॉन्ट्रॅक्चर म्हणतो. उसवलेली शिवण घाईत ओढून घेतली की कापडाला चुण्या पडतात, तसंच.

“दाखवायले आणलं, मॅडम,” एवढंच गुरुजी म्हणाले.

आमच्याकडे पेशंट स्वतःला काय हवं ते डॉक्टरला सांगत नाही. तो दाखवतो. पुढचं डॉक्टरनं ओळखायचं. जास्त विचारलं तर ‘या बाईला काही येत नाही वाटते’ असे चेहरे होतात. मीही इथलीच असल्याने न विचारता ओळखण्याचा मला दांडगा आत्मविश्वास होता.

मी ओळखलं. ऑपरेशन समजावलं, फोटो दाखवले, आणि लेटरहेडवर लिहूनही दिलं: शस्त्रक्रियेने हाताच्या कामात चांगली सुधारणा अपेक्षित. खाली सही, वर शिक्का. गुरुजींनी कागदाची चार वेळा घडी घातली आणि खिशात ठेवला. बरं वाटल्याचं एक लक्षण दिसेना.

पुढच्या बुधवारी ते परत आले. त्याच्या पुढच्याही.

“मॅडम, समजा नाईच सुधरला तर?”

“सुधारेल, गुरुजी.”

“पण समजा.”

घाबरलेत बिचारे, असं म्हणून मी आणखी धीर दिला, आणखी दोन फोटो दाखवले. त्यांनी कपाळाला हात लावला. त्या रात्री मी जेवताना नवऱ्याला म्हणाले, माझ्यावर या माणसाचा विश्वासच बसत नाही. मला खरंच वाईट वाटलं होतं. विश्वास नाही तर येतात कशाला, हेही समजत नव्हतं.

गाठ सोडवली ती ओपीडीतल्या सुनंदा सिस्टरनं. ती बाहेर बाकावर त्यांच्याशी बोलून आली होती.

“मॅडम, तुमी काऊन त्याइले फोटो दाखवून राह्यल्या? त्याइले ऑपरेशन नाई पाह्यजे. त्याइले ‘होत नाई’ असा कागद पाह्यजे.”

मी गुरुजींना आणि प्रणालीला आत बोलावलं आणि गुरुजींना तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ विचारलं, तुम्ही कशासाठी आलात? मग सगळं निघालं. प्रणालीकडे दिव्यांग प्रमाणपत्र होतं, पण मुदतीचं. सरकारी ऑफिसातल्या क्लार्कच्या जागेसाठी दिव्यांगांच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. चार महिन्यांनी कागदपत्रांची तपासणी होती. त्या जागेसाठी अपंगत्व चाळीस टक्के किंवा वर हवं, आणि प्रमाणपत्र कायमचं हवं. प्रमाणपत्र देणारं मेडिकल बोर्ड म्हणालं होतं, हात आणखी सुधारू शकतो का, याचं प्लास्टिक सर्जनकडून लिहून आणा.

आणि मी शिक्का मारून लिहून दिलं होतं की चांगला सुधारू शकतो.

“आधी का नाही सांगितलं?”

“डॉक्टरले कसं सांगाव, का नाई होत असं लिहा म्हणून?” गुरुजी खाली मान घालून म्हणाले. “मले वाटलं, तुमीच म्हनसान, आता उशीर झाला. सगळे तसंच म्हनत होते आजवर.”

मी बाहेर जाऊन माझ्या सरांना फोन लावला. ज्यांच्या हाताखाली मी शिकले, ते.

“खरं काय ते लिही,” सर म्हणाले.

“सर, खरं दोन्ही आहे. हात सुधारू शकतो. आणि तिनं ऑपरेशन केलं नाही तर आयुष्यभर असाच राहील.”

“मग दोन्ही लिही.”

मी दोन्ही लिहिलं. ऑपरेशन करायचं की नाही हा पेशंटचा अधिकार, हेही लिहिलं. गुरुजींनी कागद वाचला, परत वाचला. “ह्याचं मी काय करू?” त्यांनी विचारलं.

तेव्हा प्रणाली पहिल्यांदा बोलली. “तो फोटो पुन्हा दाखवा बरं. त्या बाईले आता पोळ्या लाटता येते काय?”

“येतात.”

“पेन धरता येते?”

“येतो.”

तिनं डाव्या हातानं लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि बराच वेळ पाहत राहिली. गुरुजी खिडकीकडे बघत होते.

पुढच्या बुधवारी ती एकटीच एसटीनं आली. “करून टाका ऑपरेशन.”

“आणि नोकरी?”

“तुमाले काय वाटते?”

मला काय वाटतं ते मलाच धड माहीत नव्हतं. मी म्हणाले, आधी तपासणी होऊन जाऊ दे, ऑर्डर हातात पडू दे, मग करू. म्हणाले आणि लगेच ओशाळले. डॉक्टर तिला हात लपवून ठेवायला सांगत होती की शहाणपणा शिकवत होती, देव जाणे.

“मंग सुधरलेला हात घेऊन मी रोज त्या खुर्चीवर बसून कोनाले तोंड दाखवू?” ती म्हणाली. “तीन वर्सापासून परीक्षा देऊन राह्यली, मॅडम. हात बावीस वर्सापासून असा हाय.”

मी तिला पंधरा दिवस विचार करायला लावला. ती सोळाव्या दिवशी थेट वर्ध्याच्या दवाखान्यात आली. ऑपरेशनच्या दिवशी गुरुजीही आले, फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही केली. “मोठी हाय ते आता,” एवढंच म्हणाले.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. आखडलेली कातडी सोडवायची, बोटं सरळ झाली की बारीक तारा घालून ती तशीच धरून ठेवायची, आणि उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची कातडी लावायची. एकेक बोट उघडत होतं आणि माझ्या डोक्यात बोर्डाचे टक्के कमी होत होते. हे ऑपरेशन उत्तम व्हावं की बेताचं, मला ठरवता येत नव्हतं. हातांना मात्र चांगलंच करायची सवय लागलेली असते. ते काही ऐकत नाहीत.

हात चांगला झाला. तीन आठवड्यांनी तारा काढल्या. पुन्हा आखडू नये म्हणून तिनं रात्रंदिवस पट्टी बांधली, सांगितलेले व्यायाम न चुकता केले. इतका नेटाचा पेशंट मी पाहिला नव्हता. तपासणीआधी बोर्डानं हात पुन्हा मोजला. चाळीसच्या खाली आला. यादीतलं नाव गेलं.

त्यानंतर गुरुजी माझ्याकडे आले नाहीत. एकदा बसस्टँडवर दिसले. मी हात जोडले, त्यांनीही जोडले, आणि आम्ही दोघं आपापल्या वाटेनं गेलो. मी काही चूक केली नव्हती, तरी दिवसभर ते मनातून जाईना.

शेवटच्या तपासणीला प्रणाली आली तेव्हा खुल्या जागांच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. मी तिची बोटं उघडबंद करून पाहिली आणि न राहवून विचारलं, “पस्तावा होतो का गं?”

तिनं विचार केला. “हात पाह्यला का नाई होत,” ती म्हणाली. “लिस्ट पाह्यली का होते.”

तेव्हापासून मी पेशंटला लॅपटॉप दाखवण्याआधी विचारते, तुम्हाला काय हवंय? निम्म्या लोकांना ते सांगता येत नाही. मग मी घरचं, कामाचं विचारत बसते. एका पेशंटला दुप्पट वेळ लागतो, आणि बाहेर रांग वाढली म्हणून सुनंदा सिस्टर माझ्यावर चिडते.