पांढऱ्या दगडावरची गेरूची रेघ

लढाई चालू व्हती तवाचं सांगते. आमी नवरा-बायकू कडेगावाकडं खाणीत काळा दगुड फोडायचो. माझं मालक घण मारायचं, म्या पाटीतनं खांडकी उचलायची. एक दिस कपची उडाली आन् मालकांचा डावा डोळा गेला. वैद्य म्हणाला, "दुसरा जपा. घण सोडा." घण सोडून खायाचं काय, ते न्हाई सांगितलं त्यानं.

मंग आष्ट्याकडनं सांगावा आला. तिथं जैनांच्या बस्तीत, म्हंजे त्यांच्या देवळात, संगमरवर बसवायचा व्हता. मारवाडातनं आगगाडीनं सांगलीला आन् तिथनं बैलगाडीनं आलेला. त्यो दगुड घणानं न्हाई फोडत. बिनदाताची लोखंडी पट्टी, दोन टोकाला दोन माणसं, वरनं वाळू-पाणी सोडत वढायची. दिसभर वढली तर चार बोटं खाली जाती. मंग वाळूनं घासायचा, मंग बारीक दगडानं, पार तोंड दिसंपतोर. कपची उडायचं भ्या न्हाई.

मालक लय दिसांनी हसलं. "ह्यो डोळा टिकतोय बघ. पर एका डोळ्यानं बी तू तेवढीच काळी दिसतीस."

"आन् तुमी ह्या दगडागत गोरं व्हय?" म्या म्हनलं.

बस्तीचं काम एक म्हातारं अण्णा बघायचं. ते पेन्सिलीनं खूण करून द्यायचं, तिथं आमी कापायचो. एक दिस अण्णा बाजाराला गेल्यालं. देवाम्होरची मोठी लादी कापायची व्हती. मालकांनी खाणीतल्यागत गेरूत सूत भिजवलं, एक टोक माझ्या हातात दिलं आन् रेघ मारली. जरा तिरकी पडली.

"धू गं. परत मारू."

काळ्या दगडावरची रेघ म्या किती येळा धुतलेली. तांब्या वतला, तळहातानं चोळली. गेरू निघंना. पाण्यासंगं आतच गेला. वाळूनं घासलं, माझी बोटं सोलली, पर रेघ तांबडी ती तांबडीच.

अण्णा आलं. वरडलं न्हाईत. नुसतं म्हणालं, "खाणीतल्या माणसांस्नी आणलं, माझीच चूक."

"आवं अण्णा, म्या धुतलं. त्यांचा गुन्हा न्हाई. एकच डोळा ऱ्हायलाय वं त्यांचा."

"देवाम्होरं डाग न्हाई चालत, बाई."

आमी परत खाणीत आलो. दुसऱ्या उन्हाळ्यात उजव्या डोळ्यात कपची गेली.

पुढं लय वरसांनी आष्ट्याच्या बाजारला गेले, तवा बस्तीकडं वाट वाकडी केली. ती लादी बाहीर, पाय धुवायच्या जागी टाकलेली. लोकांनी पाय धुऊन धुऊन गुळगुळीत केलेली. रेघ व्हती.

घरी आले, बस्तीवरनं आले म्हनलं. मालक भिंतीला टेकून बसल्यालं. "बघितलीस? हाय का गेली?"

त्यास्नी बरं वाटावं म्हणून म्या म्हनलं, "गेली. पार पांढरी झालीया."

मंग म्हणालं, "जायाचीच व्हती, तर मला कशापायी हाकललं गं?"

म्या चुलीकडं गेले.