पाठमोरे पेंटरकाका

पेंटरकाकांनी आमची एकही तालीम पाहिली नाही. ऐकल्या मात्र सगळ्या. आम्ही त्यांच्या ओट्यावर तालीम सुरू केली, की ते आपलं स्टूल उचलायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि हातातली ट्रॅक्टरची नंबरप्लेट रंगवत राहायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा आपला अपमान करतोय. मी तशी फटकळच. विचारलंच, "काका, आमी इतका जीव तोडून करून राह्यलो अन् तुमी पाठ दाखवता?" मान न वळवता म्हणाले, "पोरी, तोंड लबाड असते. समोर बसलो त उगाच मान हालवीन. पाठीले खोटं बोलता येत नाई. पाठीले ऐकू आलं त समज, मांगच्या रांगेतल्या बुढीलेही ऐकू आलं."

गावाचं नाव सांगत नाही. माझी आई अजून तिथे राहते आणि तिला नगरपरिषदेच्या नळाचं पाणी लागतं. वाशीमहून एसटीने तासाभरावरचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. पूर्वी बसस्टँड जुन्या चौकात होतं, तोवर चौकात पाय ठेवायला जागा नसे. मग स्टँड बायपासवर गेलं आणि चौक वाळला. आधी रसवंती बंद झाली, मग फोटो स्टुडिओ, मग शिंप्यांची ओळ. शेवटी उरले ते एक पानठेला, दोन सलून आणि रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करणारा एक सांड. दुकानं गेली तरी त्यांच्या माथ्यावर काकांच्या हातच्या पाट्या तशाच होत्या. चौकातला प्रत्येक बोर्ड त्यांनीच रंगवलेला. बंद पडलेल्या कापसाच्या गोडाऊनचा ओटा हेच त्यांचं दुकान, तीसेक वर्षांपासून.

फ्लेक्सची मशीन आली आणि काकांचं काम आटलं. त्याबद्दल त्यांनी कधी गळा काढला नाही. फक्त चौकात नवा फ्लेक्स लागला, की कमरेवर हात ठेवून बराच वेळ निरखायचे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, डोळ्यांवर काळे गॉगल, मनगटात जाड कडं, दोन्ही बाजूंना शुभेच्छुकांची रांग. मग म्हणायचे, "फ्लेक्सवर मानूस हासते फार. इतकं हासाले झालं काय?"

आम्ही सात-आठ जण कॉलेजचे. नाटकाचं वेड होतं आणि जागा कुठेच नव्हती. कॉलेजात तालीम करायची तर प्राचार्यांची परवानगी, मंगल कार्यालयात करायची तर लग्नं. काकांनी ओटा झाडून दिला. वरून बोलणी फुकट. मी आमच्या नाटकात म्हातारी करत होते. स्टँड हललं हे जिला कोणी सांगितलंच नाही आणि जी रोज चौकात येऊन मंगरूळपीरच्या बसची वाट पाहते, अशी म्हातारी. मी कमरेत वाकून, कण्हत, थरथरत बोलायची. भिंतीकडून आवाज यायचा, "काहून कण्हून राह्यली व माय? बस पाह्यजे का डाक्टर पाह्यजे?" बाकीचे खो खो हसायचे, मला रडू यायचं. पण दुसऱ्या दिवशी मी सरळ उभी राहून बोलले आणि भिंतीकडून काहीच आवाज आला नाही. काका गप्प बसले म्हणजे पसंती, हे आम्हाला एव्हाना कळलं होतं.

अशात चौकाची दशा पाहून गावातल्या मोठ्या लोकांचं काळीज एकदम द्रवलं. योगायोग असा, की त्याच सुमारास कुठल्याशा योजनेतून निधीही मंजूर झाला होता. झाली समिती स्थापन! चौक पुनरुज्जीवन समिती. तिचा पहिला पुनरुज्जीवक उपक्रम म्हणजे एक भलामोठा फ्लेक्स: 'संस्कृती, सर्जनशीलता आणि तरुणाईतून चौकाला नवसंजीवनी'. खाली एकवीस हसरे चेहरे. तरुणांचा प्रतिनिधी म्हणून अध्यक्षांचे मेव्हणे घेतले होते. आदल्याच उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं होतं.

समितीने पुण्याहून सल्लागार आणला. त्याने गोडाऊनच्या भिंतीवर चादर लावून कुठल्या तरी परदेशी गावाची चित्रं दाखवली. दगडी रस्ते, फुलांच्या कुंड्या, सायकलीवर हसणाऱ्या बाया. सगळ्यांनी माना डोलावल्या. चित्रात सांड कुठेच नव्हता. मग सल्लागाराने फार आपुलकीने विचारलं, "इथला तरुण संध्याकाळी काय करतो?" अध्यक्ष विचारात पडले. काका पाठमोरेच होते, कुणाच्या तरी दाराची पाटी रंगवत. म्हणाले, "बायपासवर जाते अन् पुन्याची बस पाह्यते." सल्लागाराने ते वहीत लिहून घेतलं.

ठरलं असं, की गोडाऊनचा ओटा पाडून तिथे खुला रंगमंच बांधायचा. म्हणजे काकांची जागा जाणार. एक अर्ज कोर्टात टाकला असता तर समितीची दोन वर्षं सहज गेली असती. गावातल्या वकिलांनी काकांच्या घरी येऊन सांगितलं तसं. काका ऐकेनात. अध्यक्षांना एकच अट घातली, "मंचावर पयला कार्यक्रम या लेकरायचं नाटक. पूर्न नाटक." अध्यक्षांनी छातीवर हात ठेवला, "शब्द हाय माझा, पेंटर." मी काकांना म्हटलं, "लेखी घ्या ना." तर माझ्यावरच उखडले, "सगळं लेखी घेत बसलो त नाटक कवा करसान?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने डबे, ब्रश, स्टूल हातगाडीवर चढवून कडुनिंबाखाली जाऊन बसले. आमच्यासाठी माणसाने जागा सोडली होती.  आता नाटक चांगलंच व्हायला हवं होतं.

मंच झाला. बांधकामाभोवतीचं हिरवं कापड निघालं आणि आम्ही पाहतच राहिलो. मंचावर सिमेंटच्या अकरा खुर्च्या होत्या. बसवलेल्या, पक्क्या, वरून टाइल्स. मधली जरा उंच, अध्यक्षांसाठी. समोर सिमेंटचं भाषणाचं टेबल. बाजूला दीपप्रज्वलनाची समई ठेवायला सिमेंटचा चौथरा, त्याला ग्रॅनाइट. मी बांधकामवाल्या इंजिनिअरला विचारलं, "दादा, नाटक कुठं करायचं?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून कुठे फिरायचं असं विचारलं. "म्हंजे? कार्यक्रम म्हटला का मंच आला, मंच म्हटला का मान्यवर आले. ते काय उभे राह्यतीन?" काकांनी खुर्च्यांपुढची जागा हाताने मोजली. अडीच हात भरली. "बाप्पा!" म्हणाले, "एवढ्यात त मुडदाही निजत नाई." तरीही आम्हाला धीर दिला, "अडीच हातात करा. म्हातारी बशीचीच वाट पाह्यते ना, तिले कुठी नाचाचं हाय?"

उद्घाटन चारला होतं, पाहुणे सहाला आले. काका इस्त्रीचा सदरा घालून दुसऱ्या रांगेत बसले होते, चक्क मंचाकडे तोंड करून. सकाळीच म्हणाले होते, "आज पाह्यतो." हार झाले, शाली झाल्या, भाषणं झाली. प्रत्येक वक्ता सांगत होता, तरुणांनी पुढे आलं पाहिजे. आणि आम्ही तरुण मंचाच्या मागे, नालीच्या काठावर उभे होतो. माझ्या केसांना लावलेली पावडर घामाने ओघळून नाकात चालली होती. मग निवेदकाने घोषणा केली, "वेळेअभावी युवकांचा कार्यक्रम पुढे ढकलण्यात येत आहे." मी धावत अध्यक्षांकडे गेले. "साहेब, तुम्ही शब्द दिला होता." ते खुर्चीतून जरासे वाकले. "हो ना बेटा. पण पाहुण्यायले निघाचं हाय. असं कर, दोन मिनिटांत गोष्ट सांगून टाक."

 मी काकांकडे पाहिलं. काका उठले. आता हे भांडणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही. आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आणि मंचाकडे पाठ करून बसले. तोंड चौकाकडे, जिथे फक्त पानठेला होता आणि सांड. मग मोठ्याने म्हणाले, "हं पोरी, कर सुरू. मी पाहून राह्यलो."

शेजारी भाजी विकणाऱ्या आजी बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची फिरवली. मग त्यांच्या मागच्यांनी. मग रांगच्या रांग. खुर्च्या घासल्याचा असा आवाज झाला, की मान्यवरांचं बोलणं बुडालं. अध्यक्ष माइकवर "शांतता राखा, शांतता राखा" म्हणत होते आणि लोक शांतपणे फिरून बसत होते. आम्ही पानठेल्याच्या बल्बखाली नाटक केलं. अख्खं. सांड उठला नाही, मग त्याला तसंच राहू दिलं. म्हातारी त्याच्याशी दोन वाक्यं बोललीसुद्धा. आणि समोर मंचावर अकरा मान्यवर हारांसकट बसले होते, सगळ्या गावाच्या पाठी पाहत. त्यांना खुर्च्या फिरवता येत नव्हत्या. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो तसा पुन्हा कधी झाला नाही. खोटं कशाला बोलू?

नाटक संपलं, टाळ्या वाजल्या. मी धापा टाकत काकांपुढे जाऊन उभी राहिले. म्हणाले, "आज पाह्यलं म्हनून सांगतो, ऐकलेलंच बरं होतं." आणि लगेच तोंड फिरवलं. पण त्यांची पाठ हलत होती, सदऱ्यातूनही दिसत होतं. पाठीला खोटं बोलता येत नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.

याची परतफेड मोठ्या लोकांनी सवडीने केली. कडुनिंबाखालची काकांची जागा अतिक्रमण ठरली. चौकातल्या नव्या गाळ्यांत त्यांना एक देऊ म्हणाले होते, त्यात मेव्हण्यांचं मोबाइलचं दुकान निघालं. शेवटी मुलगी येऊन काकांना नागपूरला घेऊन गेली. आम्ही बायपासवर पोचवायला गेलो. बसच्या पायरीवरून म्हणाले, "कुठीही जाजो, पन असं बोलजो का पाठीले ऐकू येईन." मी मान डोलावली.  आता मी अकोल्याला शाळेत शिकवते. मुलं धडा वाचतात तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते. त्यांना वाटतं, बाई चिडल्या.

गेल्या वर्षी काका गेले. गावातून निरोप आला, समितीने श्रद्धांजली सभा ठेवली आहे, त्याच मंचावर. मी गेले. अकराही खुर्च्या भरल्या होत्या. मागे काकांचा फ्लेक्स. हो, फ्लेक्स! खाली त्यांचं पूर्ण नाव, त्यामुळे निम्म्या लोकांना कळतच नव्हतं कोण गेलं. फोटो आधार कार्डावरचा होता. त्यात काका गंभीर दिसले असणार, म्हणून कुणीतरी कॉम्प्युटरवर त्यांना हसवलं होतं. मला भडभडून आलं. काका, इतकं हसायला झालं काय?

अध्यक्ष उठले. "पेंटर म्हंजे आपल्या चौकाच्या चळवळीचा आधारस्तंभ. त्यायनं स्वखुशीनं आपली जागा..."

मी उठले, खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसले. पानठेला होता, सांड नव्हता. थोड्या वेळाने शेजारी एक खुर्ची घासल्याचा आवाज झाला. पाहिलं, तर भाजीवाल्या आजी. त्यांनी पदराने नाक पुसलं. तासभर भाषणं चालली. माझ्या पाठीला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.