निगलने की निंगायले

मैत्रिणींनो, महिन्याभरापासून मले घास गिळता येऊन नाही राहिला. आज मोहगावहून एकटीच बसनं पांढुर्ण्याच्या हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरकडे गेली.

त्यांनी विचारलं, "निगलने में तकलीफ है?"

मले वाटलं, घरून निंगायले, म्हणजे निघायले विचारून राहिले. म्हटलं, "हो ना, निंगायलेच तकलीफ आहे. थोरल्या जाऊबाईले शिंक आली तरी तिचे मालक, आमचे भासरे, नागपूरले गाडी काढतात. आमच्या यांना कापसातून फुरसत नाही."

जळते मी, खोटं कशाले बोलू.

डॉक्टर हसले, निगलना म्हणजे गिळणं, असं समजावलं. मग टॉर्चनं घसा पाहिला आणि गंभीर झाले. "नागपूर में दूरबीन से जाँच कराओ. किसी को साथ ले जाना."

घरी येऊन यांना सांगितलं. म्हणाले, "वहिनीसंग जाय ना. तिले नागपूरचे सारे डॉक्टर माहीत आहेत."

आता तुम्हीच सांगा, हे कसं गिळू?